उभ्या हळदीतला वाटा

"हळद खांदायला येता का?"

बैलगाडी आपल्यासाठी थांबली आहे हे कय्युमच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं रस्ता मोकळा होता; स्टेशनाकडून मोंढ्याकडं येणारा, दोन्ही बाजूंना बंद दुकानांच्या फळ्या असलेला, सकाळच्या उन्हात नुसताच पडलेला. गाडीवानानं कासरा आवळून धरला होता आणि त्याच्या शेजारी बसलेला मळक्या पटक्याचा शेतकरी पुढं वाकून कय्युमकडंच बघत होता. जवळा बाजारकडचा असावा. चेहरा ओळखीचा नव्हता.

"दोन वक्ताची भाकर देतो. मजुरी रोजच्या रोज."

"मी दर्जी हाय," कय्युम म्हणाला.

"मंग काय झालं? हात तर हायेत न्हवं?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. तो काकुळतीला आला होता. कय्युम काही बोलत नाही असं पाहून त्यानं गाडीवानाला खूण केली. गाडी पुढं गेली आणि मशिदीच्या कोपऱ्यावर पखालवाल्यापाशी थांबली. तिथंही तोच प्रश्न विचारला गेला असणार, कारण पखालवाल्यानं मान हलवली आणि गाडी पुन्हा चालू लागली. कय्युम मात्र उभाच राहिला. त्यानं आपले हात पाहिले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीच्या कडीनं पडलेला घट्टा, मधल्या बोटाच्या टोकावर सुईनं टोचून टोचून झालेली चाळण. या हातांनी हिंगोलीतल्या अर्ध्या लोकांचे अंगरखे, बंड्या, शेरवान्या शिवल्या होत्या. लोक त्याला कय्युम मास्तर म्हणत. आणि आज एका अनोळखी माणसाला त्याच्याकडं बघून वाटलं, हा खांदणीला चालेल. त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं ते त्याला नीट उमगेना. अंगातली बंडी स्वच्छ होती, डोक्याला टोपी होती. पण रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतंच. आणि जेव्हा रस्त्यावर एकच माणूस उरतो तेव्हा तो कोण आहे हे कुणी बघत नाही. दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. त्या शेतकऱ्याला जे हवं होतं, नेमकं तेच कय्युमला हवं होतं. कुरुंद्याच्या शिवारात त्याचीही हळद जमिनीत होती, पाला कधीच वाळून पिवळा पडला होता, शिमगा तोंडावर आला होता, आणि खांदायला माणूस नव्हता.

तो जिनिंगच्या फाटकावरून गेला. फाटकासमोरच्या लिंबाखाली एरवी सकाळी मजुरांची दाटी असे. बाया घोळक्यानं बसायच्या, गडी कुदळी टेकवून उभे राहायचे, आणि गाड्या यायच्या, भाव व्हायचे, माणसं भरून निघून जायच्या. आता लिंबाखाली पाचोळा होता. आत जिनात कापूस पडून पिवळा पडला होता असं लोक म्हणत. पावसाळा सरल्यापासून माणसं जात होती. आधी पैसेवाले गाड्या भरून गेले, मग त्यांच्या मागं चालत चालत तेही गेले ज्यांच्यापाशी भरायला काही नव्हतं. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तिथं निजामाचं राज्य नव्हतं. निजामासाठी बंदुका घेऊन फिरणारी खाकी अंगातली पोरं तिथं यायची नाहीत. कय्युमला जायचं झालं तर तो कुठं जाणार होता? रेल्वेचे रूळ हिंगोलीला येऊन संपत. पूर्णेकडून आलेलं इंजिन इथं येऊन तोंड फिरवायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. लहानपणी त्याला त्याची गंमत वाटे.

दुकानाच्या फळ्या काढताना त्याला वाटलं, हे सगळं बाकड्यावर सुरू झालं. दुकानासमोरच्या त्या बाकड्यावर गिऱ्हाइकं माप द्यायला येत आणि दोन दोन तास बसून राहत. दिवाळीच्या सुमारास माप देणारं कुणी उरलं नाही, कापडच येईना, पण बाकडं मात्र भरलेलंच असे. काम नसलं की माणसाला फार बोलायला लागतं. सगळ्यांच्या बोलण्याचा विषय एकच, जे थोडंफार गाठीला आहे ते ठेवायचं कुठं. शेजारचा कापडवाला पुनमचंद रिकाम्या फडताळाला पाठ लावून सांगायचा, "चांदी, मास्तर. चांदीला ना गाव, ना सरकार. तिला पाणी लागत न्हाई अन् तिला काढायला माणूस लागत न्हाई." व्यंकटराव देशमुखांना ते पटायचं नाही. पळून जाणाऱ्यांच्या जमिनी ते मिळेल त्या भावानं घेत होते. "ह्याच वक्ताला घेनारा शहाना," ते म्हणायचे. "समदे भ्याले की आपून घ्यायचं." पुढं संक्रांतीनंतर तेच व्यंकटराव बाकड्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "घेतल्या जमिनी. आता नांगराला गडी न्हाई. निस्ती जमीन काय करायची, मास्तर? तिच्याकडं बगायचं?" पण ते नंतर. तेव्हा, दिवाळीत, सगळ्यांना वाटत होतं की कुठंतरी एक खरी जागा आहे, जिथं ठेवलेलं टिकतं, आणि ती आपल्याला तेवढी सापडायची राहिली आहे.

उकंडराव त्या बाकड्यावर आला तो असाच. गौसिया, कय्युमची बायको, कुरुंद्याची. उकंडराव तिच्या माहेरचा, तिला गावची लेक म्हणून दिवाळीला आठवणीनं काहीतरी घेऊन येणारा. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात सांगितलं, "हळद जमिनीत हाय तवर चोराला नेता येत न्हाई, आगीला जाळता येत न्हाई. उभ्या हळदीत निम्मा वाटा घ्या, मास्तर. तुमी काय परके हाव का?" त्याच्या तोंडून ते इतकं सोपं वाटलं. मातीखाली काहीतरी वाढतंय, आपण झोपलो तरी वाढतंय, आपल्या हातांची त्याला गरजच नाही. हाताला काम नसलेल्या माणसाला हे ऐकून जेवढं बरं वाटावं तेवढं कय्युमला वाटलं.

वाटा घ्यायला त्यानं घरातलं मशीन विकलं. दुकानातलं एक होतं, दुसरं घरात, पडद्याआड. त्यावर गौसिया बसायची. मोहल्ल्यातल्या बायकांचे कुडते, लेकरांची झबली, लग्नाच्या ओढण्यांचे काठ. जाहेदा, त्यांची लेक, त्या मशीनच्या आवाजावर झोपून मोठी झाली आणि नांदेडला नांदायला गेली. कय्युमनं गौसियाला मशीन विकायचं सांगितलं तेव्हा ती कसले तरी टाके घालत होती. "कापडच न्हाई तर मशीन काय कामाचं," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला वाटलं की हेच दुकानातल्या मशीनबद्दलही म्हणता आलं असतं. तिनं दोरा तोडला. "आप देख लेव," एवढंच म्हणाली. मशीन नेणाऱ्यांनी ते उचललं तेव्हा सारवलेल्या जमिनीत चार खळगे राहिले. पुढच्या सारवणात तिनं ते बुजवले. पण संध्याकाळी ती डाळ निवडायला बसली की तिचा उजवा पाय आपोआप खालीवर व्हायचा. टाच टेकलेली, चवडा खालीवर. कय्युम तिकडं बघायचं टाळायचा. एकदा त्याला वाटलं, तिला सांगावं, पाय हलतोय. मग वाटलं, तिला ते ठाऊक असेल.

संक्रांतीला तो कुरुंद्याला गेला होता. वसमतपर्यंत आगगाडीनं, पुढं पायी. उकंडरावनं त्याला बांधाबांधानं हिंडवलं. रुंद पानांच्या ओळी, कमरेएवढ्या, पानं नुकती कडेला पिवळी पडू लागलेली. पान चुरगाळलं की हाताला येणारा तो ओला, कडवट वास. उकंडरावनं एक बूड उपटून दाखवलं. मातीतून जाड बोटांसारखे कंद निघाले. बांधावरून जो जाईल त्याला उकंडराव हाक मारून सांगत होता, "हे कय्युम मास्तर. हळद ह्यांची हाय." कय्युमला त्या दिवशी भरून आलं होतं. सबंध आयुष्य दुसऱ्याच्या अंगावर जाणारी वस्तू शिवण्यात गेलं. स्वतःचं म्हणून जमिनीवर उभं असलेलं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत, खिडकीतून उजाड शिवार सरकत असताना, त्याच्या मनात एकाएकी आलं की उकंडराव 'आमची' म्हणाला नाही. एकदाही. ह्यांची, म्हणाला, आणि तेही मोठ्यानं. उकंडरावचे दोघं भाऊ बायकापोरांसकट पलीकडं गेलेले, शेत एकट्याच्या गळ्यात, आणि रस्त्यानं रोज खाकी पोरं फिरत असलेली. मुसलमानाची हळद आहे म्हटल्यावर ती कुणी तुडवणार नव्हतं. कय्युमनं आपलं मशीन विकून जे घेतलं ते, आणि उकंडरावनं फुकटात जे घेतलं ते, ह्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. बांधावर आपण वाटेकरी म्हणून नाही, बुजगावणं म्हणून उभे होतो. त्याला राग यायला हवा होता. पण खोल कुठंतरी त्याला हेही ठाऊक होतं की त्यानंही उकंडरावच्या घामावरच बसून खायचं ठरवलं होतं.

मग, ती बैलगाडी भेटायच्या दोन दिवस आधी, उकंडराव दुकानात आला तो बाकड्यावर बसलाच नाही.

"माणूस न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "गाव पालथं घातलं. हळद हाय, कुदळी हायेत, उकडायची कढई लावून ठिवली. माणूस न्हाई."

"तांड्यावर पाह्यलं?"

"निम्मा तांडा पैनगंगेपल्याड. ऱ्हायले ते भाईर पडत न्हाईत. तांड्याचा नाईक वसराम काय म्हनतो, कामाला आलो तर पल्याडले म्हनतात तुमी त्यांचे, न्हाई आलो तर हे खाकीवाले म्हनतात तुमी त्यांचे. त्यापरीस उपाशी बरं." उकंडरावनं टोपी काढून डोकं पुसलं. "जमीन तापून राह्यली. आणखी आठ दिस गेले तर कुदळ घुसायची न्हाई. कंद तुटून निगतील."

कय्युमनं त्याला पाणी दिलं. उकंडराव ते उभ्यानंच प्याला. समोरच्या रस्त्यानं काही जात नव्हतं. कय्युमला आठवलं की या बाकड्यावर इतकं बोलणं झालं, चांदी, जमीन, हळद, सगळ्यांची बाजू ऐकून झाली, पण माणूस उरेल का हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही. तो उरणारच होता. लिंबाखालच्या सावलीसारखा तो रोज सकाळी असायचाच. एकट्या पुनमचंदनं तेवढं बोलता बोलता म्हटलं होतं, चांदी काढायला माणूस लागत न्हाई, आणि ते सगळे हसले होते.

आणि त्याच आठवड्यात नासेर आला. नासेर गौसियाच्या बहिणीचा मुलगा, वसमतचा. बाविशीतला, उंच, देखणा. दोन वर्षांपूर्वी तो याच दुकानात येऊन नोकरी मिळेना म्हणून तोंड पाडून बसे. आता त्याच्या अंगावर खाकी होती आणि तो आत आला की दुकान लहान वाटे. सगळ्या बाजारात कापड नव्हतं, पण खाकी कुठूनतरी येत होती. कय्युमकडं शिवायला तेवढंच काम उरलं होतं. त्यानं ते घेतलं होतं, कारण न घेणं म्हणजे काहीतरी म्हणणं झालं असतं. त्या दिवशी तो नासेरच्या नव्या सदऱ्याची बाही बेतत होता. ओठांत टाचण्या धरलेल्या, एक हात नासेरच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं कापड दुमडलेलं.

"खाला बोली," नासेर म्हणाला, "हल्दी पडी है कुरुंदे में. मजूर नईं मिलरे."

कय्युमनं मान हलवली.

"फिकर नक्को करो, खालू. आदमी मैं लाता. तांडे में बैठेच हैं सब." तो हसला. त्याच्या हसण्यात खरोखर माया होती. "अपनेच घर का काम है."

कय्युमच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यानं एक काढून बाहीला टोचली. मग दुसरी. नासेर आरशात स्वतःकडं बघत होता. टाचण्या हातावर काढून घ्यायला किती वेळ लागतो? एक श्वास. तेवढ्या वेळात त्याच्या डोळ्यांपुढून तापलेली जमीन गेली, उकंडरावनं पुसलेलं डोकं गेलं, जमिनीतले चार खळगे गेले. त्यानं विचार केला, हा नुसतं बोलतोय. विचार केला, आणलीच माणसं तर आपण मजुरी देऊ, नेहमीपेक्षा जास्त देऊ. विचार केला, ह्याला नाही म्हणणं बरं दिसेल का, आणि सुरक्षित राहील का. तेवढ्यात शेवटची टाचणी लागली, तोंड मोकळं झालं, आणि नासेर "खुदा हाफिज" म्हणून पायऱ्या उतरला होता.

दोन दिवस कय्युम शिवत राहिला. घरी गौसियानं विचारलं, नासेर आला होता का. तो हो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला दुकानात बसवेना. पहिल्या गाडीनं तो वसमतला उतरला आणि कुरुंद्याची वाट चालू लागला. ऊन चढत होतं. लांबूनच त्याला शेतात वाकलेली माणसं दिसली आणि आधी, सगळ्याच्या आधी, त्याला आनंद झाला. हळद निघत होती. तो आनंद त्याच्या अंगात किती वेळ होता हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. तो होता एवढं मात्र खरं.

बांधावरच्या बाभळीखाली दोन खाकी पोरं बसली होती, एकाच्या मांडीवर बंदूक. त्यांनी त्याला ओळखून सलाम केला. शेतात तांड्याची माणसं होती. कुणी बोलत नव्हतं. खांदणीच्या वेळी बाया गातात, निदान एकमेकींना हाका मारतात. इथं फक्त कुदळीचा जमिनीवर आपटण्याचा आवाज, आणि मध्येच ओल्या कंदाचा कचकन तुटण्याचा. एका गड्याचा डोळा सुजून मिटला होता. कडेच्या ओळीत पारुबाई होती, वसरामची बायको. बांगड्यांनी भरलेले तिचे हात मातीनं पिवळे झाले होते आणि एका तळव्याला चिंधी गुंडाळली होती. गौसिया लहानपणी तिच्यामागं रानात शेण्या वेचायला जायची, हे कय्युमनं कितीदा ऐकलं होतं. त्यानं खिशातून पैसे काढले आणि तिच्यापुढं धरले.

"तुमच्यापाशीच ठिवा," पारुबाई म्हणाली. वर न बघता.

वसराम कुदळ टेकवून उभा राहिला. म्हातारा, काटक, पांढऱ्या मिशांचा. त्याच्या अंगातली बंडी कय्युमनंच शिवलेली होती. काखेतली शिवण कुठं जरा ओढते तेही त्याला दिसलं.

"मास्तर, हळद कोनाची?"

कय्युम बांधाकडं बघू लागला. उकंडराव तिकडं कढईपाशी उभा होता, पाठ करून, जळण रचत असल्यासारखा.

"उकंडराव म्हनतो, तुमची हाय."

"शेत..." कय्युम म्हणाला. "शेत उकंडरावचं हाय."

"शेत न्हाई इचारलं," वसराम म्हणाला. मग कुदळ उचलली.

नासेर दुपारी आला. कय्युम त्याला बाजूला घेऊन गेला. "छोड दे उन को, नासेर. मैं दूसरे आदमी देखतूं."

"कां से लाते?" नासेरनं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "सुखी पडती ना हल्दी. आधा हमारे काम को जाना है, वो भी मैं बोल दिया. बाकी आपका."

"मैं कब बोला था, आदमी ला?"

नासेरनं त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची माया उतरली आणि खाली एक शिणलेला, चिडका मुलगा दिसला.

"ना भी तो नईं बोले, खालू."

कय्युम बांधावर बसून राहिला. निघून जाणं त्याला जमेना आणि शेतात उतरणंही. ऊन कलेपर्यंत हळद निघून शेताच्या मधोमध ढीग झाला, माती लागलेला, ओला, जड. पोरांनी माणसांना सोडलं. ती तांड्याच्या वाटेनं एका ओळीत गेली. वसराम सगळ्यांच्या शेवटी होता. त्यानं वळून बघितलं नाही.

उकंडराव त्याच आठवड्यात बायकोला घेऊन वऱ्हाडात निघून गेला. जाताना त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, हळद कय्युम मास्तरची हाय, तेच बगतील. अर्धा ढीग नासेरच्या माणसांनी गाड्यांत भरून नेला. उरलेला उकडायला कुणी नव्हतं. उन्हात पडून तो वरून सुकला आणि आतून सडू लागला असं वसमतहून आलेल्या कुणीतरी सांगितलं. कय्युमनं ते ऐकलं आणि त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याला काहीच वाटत नाही. बाकड्यावर पुनमचंद म्हणाला, "मी सांगत होतो, चांदी घ्या." त्यानंही कय्युमला काही वाटलं नाही. पुनमचंदची चांदी कुठंतरी भिंतीत होती आणि तो भिंतीपासून हलू शकत नव्हता, त्याच्या घरातली माणसं परगावी, आणि हा एकटा इथं पहाऱ्याला. कय्युम घरी जाई, जेवे, आडवा होई. डोळे मिटले की कुणीतरी शांतपणे विचारी, शेत न्हाई इचारलं. दिवसा मशीन चालवताना तो त्या प्रश्नाची उत्तरं शिवत राही. निम्मी उकंडरावची होती. मी तर फक्त वाटा घेतला. मी माणसं आणवली नाहीत. मी नको म्हणणारच होतो. प्रत्येक उत्तर नीट बसे, आणि घालून पाहिलं की कुठंतरी काखेत ओढे.

वसराम हिंगोलीला आला तेव्हा दुपार होती. गौसिया डबा घेऊन दुकानात आली होती. तो कुरुंद्याहून पायी आला होता. पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. तिनं त्याला ओळखलं आणि डोक्यावरचा पदर सावरत "वसरामदादा" म्हणाली. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. वसराम बाकड्यावर बसला, तिच्या हातचं पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला.

"लेकी, तुज्या घरधन्याला इचाराया आलोय," तो म्हणाला. "मास्तर, आज न्हाई तर उद्या दिस पालटतील. हे असंच ऱ्हात नसतं. मंग कोनीतरी तांड्यावर येईल अन् इचारल, तुमाला बंदुका लावून कोनी राबवलं? पोरांची नावं आमाला ठावं न्हाईत. उकंडराव गेला, तो पल्याड सांगत आसंल की माझी न्हवती. मला येक नाव पायजे. खोटं नाव मी कोनाचं सांगनार न्हाई. म्हनून आलो."

गौसियानं कय्युमकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता आणि मग, हळूहळू, प्रश्न राहिला नाही. तिला सगळं कळलं असावं. पारुबाई, नासेर, सगळं. ती भिंतीला टेकली.

कय्युमच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. नासेर हजार कामांत कुठंतरी होता. म्हातारा इतक्या लांबून उन्हात चालत आला होता तो धमकी द्यायला नाही, मजुरी मागायलाही नाही. त्याला एक खरी गोष्ट पाहिजे होती आणि ती कुणाकडं आहे हे त्याला ठाऊक होतं.

"निम्मी माझी," कय्युम म्हणाला.

"निम्मी न्हाई इचारलं."

"माझी," कय्युम म्हणाला. "हळद माझी हाय. नासेर बोलला तवा मी गप बसलो."

वसरामनं मान हलवली. कुणी सौदा पटल्यावर हलवतो तशी. "बरं," तो म्हणाला. उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकले. "तुमी तरी जागेवर हाव."

तो गेला. गौसियानं त्याच्यामागं जाऊन डब्यातल्या भाकरी त्याच्या पंच्यात बांधल्या; तिच्या हातून त्यानं त्या घेतल्या, हे कय्युमनं दुकानातून पाहिलं. ती परत आली तेव्हा रडत नव्हती. "भाई के पास चलते, हैदराबाद," ती म्हणाली. "आज की गाडी से." तिचा आवाज कोरडा, कामाचा होता. कय्युमनं गाडीचा विचार केला. पूर्णा, तिथून पुढं, मोठं शहर, जिथं कय्युम दर्जी कोण हे कुणाला ठाऊक नाही, जिथं कुणी विचारायला येणार नाही. मग वसराम कधीतरी पुन्हा येईल, किंवा त्याच्या मागून दुसरी माणसं येतील, बंद फळ्यांपुढं उभी राहतील, आणि तांड्याला नाव ठाऊक असून माणूस मिळणार नाही.

"तू जा," तो म्हणाला. "मैं नईं आता."

"काहून?" तिनं विचारलं. रागानं ती माहेरचं बोलली. "काहून न्हाई?"

त्यानं वसरामचा तांब्या उचलून आत ठेवला. मग ती रिकामा डबा उचलून घराकडं गेली. ती बोचकं बांधायला गेली की चूल पेटवायला, हे त्याला कळलं नाही.

संध्याकाळी नासेर आला. त्यानं खाकीचा गठ्ठा पुढ्यात टाकला. बरीच नवी पोरं आली होती, लवकर पाहिजे होतं. कय्युमनं गठ्ठ्याला हात लावला नाही.

"नईं होता," तो म्हणाला.

"क्यूं?"

"सीने को आदमी नईं है."

नासेर हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं दुकानात नजर फिरवली, मशीन, कात्री, आरसा, आणि मशीनमागं बसलेला आपल्या मावशीचा नवरा.

"तो आप कौन हो?"

कय्युमला भीती वाटत होती. ती कमी होत नव्हती आणि होणारही नव्हती. नासेरनं गठ्ठा उचलला नाही. "कल शाम को आता," तो म्हणाला, प्रत्येक शब्द सुटा करून, आणि गेला. स्टेशनाकडं इंजिनानं शिट्टी दिली. गाडी पूर्णेकडं निघाली असावी. कय्युम उठला नाही. दिवा लावायची वेळ झाली होती, तोही त्यानं लावला नाही. अंधार आत येत गेला तसा तो रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात मशीनच्या फळीवर ठेवून, तिथंच बसून राहिला.